भंगार कोणी ठरवायचं?

आपल्याकडे जुनी गाडी मोडीत काढायची म्हटलं की भंगारवाला घासाघीस करतो आणि चार पैसे हातावर टेकवून गाडी घेऊन जातो. त्यामुळे बेवारस गाड्यांवर अमेरिकेत एवढे कायदे कशाला, हे मला सुरुवातीला उमगेना. इतिहास वाचला तेव्हा कळलं, की १९६० च्या दशकात इथल्या भंगारवाल्यानेच पाठ फिरवली होती!

कारण दडलं होतं पोलादाच्या भट्टीत. जुन्या 'ओपन हार्थ' भट्टीत भरपूर भंगार खपायचं. नव्या ऑक्सिजन भट्टीला ते बरंच कमी लागायचं. त्यात मोटारीच्या भंगारात तांब्याच्या तारा, रबर, गाद्या मिसळलेल्या. तांब्याने पोलाद बिघडतं. भाव घसरला, गाडी ओढून नेण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त झाला. मग लोक नंबरप्लेट काढून गाडी रस्त्यावरच सोडू लागले. न्यूयॉर्क शहरात १९६० साली अशा सुमारे २,५०० गाड्या होत्या. १९६९ मध्ये हा आकडा ५०,००० च्या वर गेला.

१९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी महामार्ग सुशोभीकरणाच्या कायद्यावर सही केली. प्रमुख महामार्गांपासून १,००० फुटांच्या आतली भंगार-आवारं एकतर हलवायची, नाहीतर कुंपणाआड झाकायची. पण झाकल्याने भंगार संपत नाही. १९७० मध्ये निक्सन यांनी गाड्या मोडीत निघाव्यात म्हणून बक्षिसी देण्यासारख्या योजनेचा विचार मांडला. पुढे खरी सुटका केली ती यंत्रांनी: गाडीचे तुकडे करून चुंबकाने लोखंड वेगळं काढणारे श्रेडर आणि ते भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या.

रस्त्यावरच्या आणि अंगणातल्या गाड्यांचं काय करायचं, हे मात्र स्थानिक नियमांवर आलं. कॅलिफोर्नियात शहराने तसा नियम केला असेल, तर ७२ तासांपेक्षा जास्त वेळ एकाच जागी उभी असलेली गाडी उचलता येते. खाजगी अंगणातली मोडकी गाडीही 'सार्वजनिक उपद्रव' ठरू शकते. पण त्याआधी साधारणपणे १० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि मालकाने मागितली तर सुनावणीही. गाडी बंद गॅरेजात असेल, तर हा नियम लागू होत नाही.

इथेच खरी मेख आहे. शेजाऱ्याला जे भंगार दिसतं, ते एखाद्याचं कामावर जायचं एकमेव साधन असतं. नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने १९७७ साली निकाल दिला, की मालकाला ताबडतोब दाद मागायची संधी न देता गाडी अडकवून ठेवणं घटनेला धरून नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सुनावणीची तरतूद आली. सॅन फ्रान्सिस्कोत बेघरांच्या बाजूने लढणारी एक संघटना न्यायालयात गेली. २०२३ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की नियमानुसार उभी केलेली गाडी केवळ दंड थकल्यामुळे, वॉरंटशिवाय उचलता येणार नाही. इथे कित्येक जण गाडीतच राहतात. गाडी गेली की त्यांचं घरच गेलं.

वाहनं मोडीत काढणाऱ्या केंद्रांसाठी भारतातही २०२१ साली नियम आले. आपल्याकडे पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या पाहिल्या की मला वाटतं, गाडी उचलायच्या नियमाइतकाच ती परत मागायचा नियमही स्पष्ट हवा. नोटीस किती दिवसांची आणि दाद कोणाकडे मागायची, हे साध्या माणसाला आधीच ठाऊक असलं पाहिजे.