राउटरमधील मुक्त फर्मवेअर

राउटर हा प्रोसेसर, रॅम व फ्लॅश स्मृती असलेला लहानसा संगणकच होय. फ्लॅश स्मृतीत साठविलेल्या आणि त्याचे सर्व कार्य चालविणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. ते सामान्यतः निर्माताच पुरवितो. त्याने सुधारणा देणे थांबविले की, यंत्र धडधाकट असूनही असुरक्षित होते. ते बदलण्याची मुभा ग्राहकास मिळाली, ती एका परवान्यामुळे.

लिंक्सिस कंपनीने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आणला. त्यात लिनक्स वापरल्याचे २००३ मध्ये उघडकीस आले. लिनक्सच्या सार्वजनिक परवान्यानुसार (दुसरी आवृत्ती, १९९१) अशा वेळी सोर्स कोड ग्राहकास उपलब्ध करणे बंधनकारक असते. कंपनीने तो त्याच वर्षी प्रसिद्ध केला व त्याच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला.

परवान्याने दिलेली ही मुभा हार्डवेअरने मात्र वारंवार मर्यादित केली. व्यक्तिगत संगणक सुरू होताना आपले बहुतेक घटक स्वतः ओळखतो. राउटरमध्ये तशी सोय बहुधा नसते. कोणता घटक कोठे जोडला आहे, हे फर्मवेअरमध्येच नमूद करावे लागते. म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी त्याची वेगळी प्रत सिद्ध करतात. नाव तेच राहून आतील घटक बदलतात, ही आणखी एक अडचण. डब्ल्यूआरटी५४जीच्या २००५ मधील पाचव्या आवृत्तीत फ्लॅश ४ वरून २ आणि रॅम १६ वरून ८ मेगाबाइटवर आली व लिनक्सही गेले. मग जुन्याच धर्तीचा, लिनक्सवर चालणारा राउटर कंपनीने डब्ल्यूआरटी५४जीएल या निराळ्या नावाने विकला, हे बोलके आहे. बिनतारी चिपांची माहितीही निर्माते गुप्त ठेवीत. अथेरॉस कंपनीने २००८ मध्ये आपल्या नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला, तेव्हा त्या चिपांच्या राउटरांवर काम करणे पुष्कळ सुकर झाले.

भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी २·४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्ती उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. त्यामुळे नांदेड किंवा लातूर येथील घरात, दुकानात असा राउटर बसविण्यास बिनतारी परवाना लागत नाही. फर्मवेअर बदलले, तरी प्रक्षेपणशक्तीची मर्यादा तीच राहते. नव्या फर्मवेअरमध्ये देश म्हणून भारत निवडावा लागतो, तो याचसाठी.

चुकीची प्रत भरल्यास राउटर निकामी होण्याचा धोका पहिल्यापासून आहे. २०२४ मध्ये प्रकल्पाच्या नावाने निघालेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या राउटरात त्यासाठी दुसरी, लेखन-संरक्षित फ्लॅश स्मृती बसविली असून एक कळ सरकवून तिच्यावरून तो पुन्हा सुरू करता येतो.