मांजराला पॅरासिटामॉल का देऊ नये?

तोंडावाटे दिलेले औषध आतड्यातून रक्तात शोषले जाते, रक्ताबरोबर शरीरभर पसरते, मुख्यत्वे यकृतात त्याचे रूपांतर होते आणि अखेर ते बहुधा मूत्रावाटे बाहेर पडते. हा क्रम सर्व सस्तन प्राण्यांत सारखाच असला, तरी रूपांतर घडवणारी विकरे प्रत्येक जातीत सारखी नसतात. पॅरासिटामॉल हे याचे ठळक उदाहरण होय. माणसाचे यकृत या औषधाला ग्लुक्युरोनिक आम्ल व सल्फेट यांची जोड देऊन ते निरुपद्रवी करते. मांजरात मात्र ग्लुक्युरोनिक आम्ल जोडणाऱ्या विकराचे जनुकच निकामी असते. सल्फेटचा मार्ग अपुरा पडतो आणि उरलेल्या औषधापासून विषारी घटक तयार होतात. त्यांचा पहिला आघात तांबड्या रक्तपेशींवर होतो. हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. हिरड्या तपकिरी वा निळसर पडणे, धाप लागणे, चेहरा व पंजे सुजणे ही लक्षणे काही तासांतच दिसू लागतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. वजनाच्या हिशेबाने तुकडा करून देणेही धोक्याचेच. चुकून गोळी पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता मांजराला पशुवैद्यकाकडे न्यावे. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा वेळीच मिळाला, तर ते वाचू शकते.