भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम हा भारतातील सरकारी आरोग्य केंद्रांमधून उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना नियमित व दीर्घकालीन उपचार मिळावेत यासाठी राबविण्यात येणारा सार्वजनिक आरोग्य उपक्रम आहे. आयएचसीआय या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य शासने, जागतिक आरोग्य संघटनेचे भारतातील कार्यालय आणि 'रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज' ही संस्था सहभागी आहेत. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत त्याचा पहिला टप्पा राबविण्यात आला. तपासलेल्या व्यक्तींच्या संख्येपेक्षा नोंदणी झालेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब पुढील काळात नियंत्रणात राहिला, हे यशाचे मुख्य मोजमाप मानणे हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

उच्च रक्तदाब हा हृदयविकार, पक्षाघात आणि मूत्रपिंडाच्या विकारांचे एक प्रमुख कारण आहे. बहुतेक रुग्णांना त्याची कोणतीही ठळक लक्षणे जाणवत नाहीत. त्यामुळे निदान उशिरा होते आणि निदान झाल्यानंतरही बरे वाटत असल्यामुळे औषध थांबविण्याकडे कल असतो. हा आजार सामान्यतः पूर्ण बरा होत नाही, मात्र स्वस्त व परिणामकारक औषधांनी तो नियंत्रणात ठेवता येतो. त्यासाठी रुग्णाने अनेक वर्षे, बहुधा आयुष्यभर, नियमितपणे औषध घ्यावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८.८ कोटी व्यक्तींना उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी सुमारे ३७ टक्के व्यक्तींचे निदान झालेले आहे, ३० टक्के उपचार घेतात आणि केवळ १५ टक्के व्यक्तींचा रक्तदाब नियंत्रणात असतो. निम्म्या रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात आणता आल्यास २०४० पर्यंत देशातील सुमारे ४६ लाख मृत्यू टाळता येतील, असा अंदाज याच अहवालात वर्तविण्यात आला आहे.

भारतातील ग्रामीण आरोग्य व्यवस्थेची घडण प्रामुख्याने माता व बालआरोग्य, कुटुंब नियोजन, लसीकरण आणि संसर्गजन्य रोगांचे नियंत्रण या कामांभोवती झाली. दर महिन्याला औषधासाठी परत येणाऱ्या आणि वर्षानुवर्षे देखरेखीखाली राहणाऱ्या रुग्णांसाठी लागणाऱ्या नोंदी, औषधसाठा व पाठपुरावा यांची सोय तीत मर्यादित होती. असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये १०० जिल्ह्यांत सुरू झाला. त्यातून तपासणीला चालना मिळाली, परंतु निदान झालेला रुग्ण उपचारात टिकून राहतो का, हा प्रश्न शिल्लक होता. २०२५ पर्यंत वाढलेल्या रक्तदाबाच्या प्रमाणात २५ टक्के घट करण्याचे उद्दिष्ट भारताने स्वीकारले होते. या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय कार्यक्रमाला पूरक म्हणून हा उपक्रम आखण्यात आला.

कार्यपद्धती

उपक्रमाची रचना पाच घटकांवर आधारलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हार्ट्स' या मार्गदर्शक संचातील तत्त्वांशी ती सुसंगत आहे.

१. उपचारांची ठरावीक पद्धत

प्रत्येक राज्याने तज्ज्ञांच्या सल्ल्याने उपचारांचा एकच क्रम निश्चित केला. कोणते औषध किती मात्रेत सुरू करायचे आणि रक्तदाब नियंत्रणात न आल्यास पुढची पायरी कोणती, हे त्यात स्पष्ट केलेले असते. या क्रमांत प्रामुख्याने अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या औषधांचा समावेश आहे. पायऱ्यांचा क्रम राज्यानुसार वेगळा असू शकतो. गुंतागुंत असलेल्या रुग्णांना वरिष्ठ रुग्णालयात पाठविले जाते.

२. औषधांचा अखंड पुरवठा

औषधांची नावे व मात्रा मोजक्या असल्यामुळे मागणीचा अंदाज बांधणे सोपे होते. नोंदणीकृत रुग्णांच्या संख्येवरून जिल्ह्याची गरज काढली जाते. रुग्णाला एका भेटीत किमान ३० दिवसांचे औषध मिळावे, असा दंडक ठेवण्यात आला. त्यापूर्वी अनेक ठिकाणी काही दिवसांचेच औषध दिले जात असल्याने रुग्णाला वारंवार फेऱ्या माराव्या लागत.

३. कामाची विभागणी

रक्तदाब मोजणे, नोंद करणे, समुपदेशन आणि पाठपुरावा ही कामे परिचारिका व अन्य कर्मचाऱ्यांकडे सोपविण्यात आली, तर औषध ठरविण्याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे राहिली. आरोग्यवर्धिनी केंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना ठरलेले औषध पुन्हा देतात. आशा स्वयंसेविका भेट चुकविलेल्या रुग्णांशी संपर्क साधतात. क्षेत्रीय देखरेखीसाठी वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक नेमण्यात आले. हे पद क्षयरोग कार्यक्रमात पूर्वीपासून प्रचलित होते.

४. रुग्णकेंद्रित सेवा

तपासणी व औषधे मोफत असतात. रुग्णाच्या घराजवळच्या केंद्रात औषध उपलब्ध करून देणे, पुढील भेटीची तारीख कार्डावर लिहून देणे आणि चुकलेल्या भेटीबाबत दूरध्वनीवरून आठवण करणे यांवर भर दिला जातो.

५. माहिती व मूल्यमापन

प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र क्रमांक व उपचार कार्ड दिले जाते. काही जिल्ह्यांत कागदी कार्डांचा, तर पंजाब व महाराष्ट्रासह काही राज्यांत 'सिंपल' या मोबाईल अॅपचा वापर करण्यात आला. कार्डावरील संकेतचिन्ह स्कॅन केल्यावर रुग्णाच्या पूर्वीच्या नोंदी दिसतात आणि ज्यांची भेट चुकली आहे त्यांची यादी आपोआप तयार होते.

मूल्यमापनाची पद्धत

क्षयरोग कार्यक्रमातील समूह-आधारित तिमाही आढाव्याप्रमाणे येथेही रुग्णांचा समूहानुसार मागोवा घेतला जातो. एका तिमाहीत नोंदणी झालेल्या सर्व रुग्णांची पुढील तिमाहीतील स्थिती तीन गटांत मांडली जाते: रक्तदाब नियंत्रणात असलेले, नियंत्रणात नसलेले आणि भेटीस न आलेले. वरचा रक्तदाब १४० पेक्षा कमी आणि खालचा ९० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा कमी असल्यास तो नियंत्रणात मानला जातो.

या पद्धतीत भेटीस न आलेला रुग्णही छेदात मोजला जातो. केवळ आलेल्या रुग्णांवरून टक्केवारी काढल्यास केंद्राची कामगिरी प्रत्यक्षाहून चांगली दिसते आणि उपचार सोडलेले रुग्ण हिशेबातून नाहीसे होतात. तिमाही आकड्यांवरून अडचणीचे स्वरूपही समजते. न आलेल्यांचे प्रमाण अधिक असल्यास पाठपुरावा व सेवेचे अंतर तपासावे लागते, तर येणाऱ्यांचाच रक्तदाब अनियंत्रित असल्यास औषधाची पुढची पायरी दिली गेली का आणि साठा पुरेसा होता का, हे पाहावे लागते.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यासाठी भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांची निवड झाली. विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र व कोकण अशा भिन्न भौगोलिक परिस्थितीतील जिल्ह्यांचा त्यात समावेश होता. पुढे उपक्रमाचा राज्याच्या अन्य भागांत विस्तार करण्यात आला.

राज्यात उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, तर ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येतात. एखाद्या रुग्णाचे निदान ग्रामीण रुग्णालयात झाले आणि पुढील औषध गावाजवळच्या उपकेंद्रातून द्यायचे असेल, तर या दोन्ही यंत्रणांमध्ये नोंदी व औषधसाठ्याचा मेळ असणे आवश्यक ठरते. सर्व स्तरांवर एकच उपचारक्रम आणि एकच रुग्ण क्रमांक वापरल्याने हे हस्तांतरण सुकर होते. डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्या वृद्धांसाठी तालुक्याच्या ठिकाणी दरमहा जाणे खर्चिक असते. त्यामुळे उपकेंद्र स्तरावर औषध मिळण्यास तेथे विशेष महत्त्व आहे.

राज्यातील सरकारी औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली होती. २०२३ मध्ये या कामासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले.

कोविड-१९ काळ

मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे बाह्यरुग्ण सेवा विस्कळीत झाली आणि वाहतूक बंद असल्याने रुग्णांना केंद्रापर्यंत पोहोचणे कठीण झाले. अनेक ठिकाणी एका वेळी दोन ते तीन महिन्यांचे औषध देणे, उपकेंद्रांतून वाटप करणे आणि आशा स्वयंसेविका व आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत घरपोच औषध पोहोचविणे असे पर्याय वापरण्यात आले. ज्या केंद्रांकडे रुग्णांची नावनिशीवार यादी होती, त्यांना हे वाटप करणे शक्य झाले.

परिणाम

पंजाब, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि तेलंगणा या चार राज्यांतील २४ केंद्रांच्या अभ्यासात जानेवारी २०१८ ते जून २०१९ या काळात नोंदणी झालेल्या २१,८९५ रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी ११,२७४ रुग्ण, म्हणजे सुमारे ५१ टक्के, जुलै ते सप्टेंबर २०१९ या तिमाहीत पुन्हा भेटीस आले. परत आलेल्या रुग्णांमध्ये रक्तदाब नियंत्रणात असणाऱ्यांचे प्रमाण नोंदणीच्या वेळी २६.३ टक्के होते, ते ५९.८ टक्क्यांवर गेले. मात्र नोंदणी झालेल्या सर्व रुग्णांचा विचार केल्यास त्या तिमाहीत नियंत्रण सिद्ध झालेल्यांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के भरते. उर्वरित तफावत मुख्यतः परत न आलेल्या रुग्णांमुळे पडते.

याच अभ्यासात प्राथमिक स्तरावरील केंद्रांमध्ये नियंत्रणाचे प्रमाण ४८.१ टक्केबिंदूंनी, तर दुय्यम स्तरावरील रुग्णालयांमध्ये २२.९ टक्केबिंदूंनी वाढल्याचे दिसून आले. दीर्घकालीन आजारांची नियमित सेवा मोठ्या रुग्णालयांकडून गावाजवळच्या केंद्रांकडे नेण्याच्या धोरणाला या निष्कर्षांमुळे आधार मिळाला.

केंद्र शासनाच्या माहितीनुसार २०२२ पर्यंत उपक्रमाचा विस्तार २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत झाला होता आणि ३४ लाखांहून अधिक रुग्ण सरकारी केंद्रांतून उपचार घेत होते.

मर्यादा

रुग्णांनी उपचार अर्ध्यावर सोडणे ही उपक्रमापुढील सर्वांत मोठी अडचण राहिली आहे. बाह्यरुग्ण सेवेच्या वेळा दिवसाच्या असल्याने रोजंदारीवर काम करणाऱ्यांना भेटीसाठी मजुरी बुडवावी लागते. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांची नोंद एका जिल्ह्यात आणि वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असते. उपक्रम सरकारी केंद्रांपुरता असल्यामुळे खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या रुग्णांची स्थिती त्याच्या आकडेवारीत येत नाही. भेटीस न आलेली व्यक्ती खासगी उपचार घेते की तिने औषधच सोडले आहे, हेही केवळ नोंदींवरून ठरविता येत नाही. याशिवाय, एकाच कर्मचाऱ्याला अनेक कार्यक्रमांसाठी वेगवेगळ्या अॅप व नोंदवह्यांत माहिती भरावी लागल्यास रुग्णाच्या समुपदेशनासाठी वेळ कमी उरतो.

पुरस्कार व पुढील वाटचाल

सप्टेंबर २०२२ मध्ये या उपक्रमाला असंसर्गजन्य आजारांविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे आंतरसंस्था कृती दल आणि जागतिक आरोग्य संघटनेचा प्राथमिक आरोग्य सेवेविषयीचा विशेष कार्यक्रम यांच्या वतीने दिला जाणारा पुरस्कार मिळाला.

१७ मे २०२३ रोजी, जागतिक उच्च रक्तदाब दिनी, केंद्र शासनाने २०२५ पर्यंत उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या ७.५ कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मार्च २०२५ च्या प्रारंभी उच्च रक्तदाबाचे सुमारे ४.२० कोटी आणि मधुमेहाचे सुमारे २.५३ कोटी रुग्ण उपचारांखाली आल्याचे शासनाने जाहीर केले. हे आकडे उपचारांखाली आलेल्या रुग्णांचे आहेत. त्यांपैकी किती जणांचा आजार नियंत्रणात आहे, हे समजण्यासाठी उपक्रमाने रूढ केलेल्या समूह-आधारित मूल्यमापनाची आवश्यकता असते.

हे सुद्धा पहा

- उच्च रक्तदाब
- मधुमेह
- असंसर्गजन्य आजार
- प्राथमिक आरोग्य केंद्र
- आयुष्मान आरोग्य मंदिर
- आशा स्वयंसेविका