तळटीप : गटाच्या पोटात खातेदार

* लेखकाने ‘नेस्टेड सिरियलायझेशन’ एवढेच म्हणून सोडलेला मुद्दा थोडा उलगडायला हवा. रिसोड तालुक्यातल्या (जि. वाशीम) रिठदचे सातबारा वेबसेवेतून द्यायचे आहेत, असे धरा. डेटाबेसमध्ये गाव, गट, खातेदार, पिके यांचे तक्ते वेगवेगळे. जेसनमध्ये मात्र गावाच्या पोटात गट आणि गटाच्या पोटात खातेदार व पिके, असे सगळे एकत्र पाठवायचे. खरी गुंतागुंत अशी की एका गटाला अनेक खातेदार असतात आणि एका खातेदाराचे अनेक गट. सातबारा गटाकडून पाहतो, आठ-अ खातेदाराकडून. दोन्ही दिशा एकाच सिरियलायझरमध्ये गुंतवल्या तर गट, खातेदार, पुन्हा तोच गट हे चक्र थांबतच नाही, कारण साध्या जेसनमध्ये ‘वरची नोंद पाहा’ म्हणायची सोय नाही. म्हणून एका दिशेला पूर्ण नोंद द्यावी, दुसरीकडे फक्त क्रमांक. शिवाय ५०० गटांचे खातेदार एकगठ्ठा आणले नाहीत, तर २ क्वेरींच्या जागी ५०१ होतात. जँगोतले ‘प्रीफेच रिलेटेड’ त्यासाठीच आहे.

क्षेत्राची काळजी याहून जास्त घ्यावी. १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. ते साधी संख्या म्हणून पाठवले की शेवटचे शून्य गळते, आणि १.२ चा अर्थ कोणी १ हेक्टर २ आर असा लावला तर शेतकऱ्याचे १८ आर कागदावरून जातात. जँगो रेस्ट फ्रेमवर्क दशांश संख्या मुळातच मजकूर म्हणून पाठवते. ती सेटिंग बदलू नये.