प्रोफेसर केळफा यांची माया

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण या विद्यांची नोंद साक्षेपाने होते. परंतु त्यांनी जादूगाराची विद्याही आत्मसात केली होती आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते तिचे प्रयोग करीत असत, ही गोष्ट बहुधा गमतीच्या सदरात ढकलली जाते. माझ्या मते आपल्याकडील चित्रपटव्यवसायाच्या दप्तरात तिला मानाचे स्थान असले पाहिजे.

१९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागलेल्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'चा नायक सत्यासाठी राज्य, पत्नी व पुत्र यांवर पाणी सोडणारा. आणि त्याची राणी तारामती म्हणजे अण्णा साळुंके हा पुरुष नट! याच साळुंक्यांनी १९१७च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. इतकेच नव्हे, तर 'हरिश्चंद्रा'ची म्हणून आज जी रिळे दाखविली जातात, ती मूळची नसून १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची आहेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

सोलापुरात, आमच्या शुक्रवार पेठेत, हवालदाराच्या वेषात दारोदार खोटे वॉरंट बजावणारा आणि माणसे बिचकली की हसून बक्षीस मागणारा बहुरूपी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ऑर्सन वेल्सचा १९७३चा 'एफ फॉर फेक' हा विलक्षण माहितीपट परका वाटणार नाही. नामांकित चित्रकारांच्या हुबेहूब नकला करणारा एल्मिर द होरी, त्याचे चरित्र लिहून पुढे हॉवर्ड ह्यूजचे बनावट आत्मचरित्र रचणारा क्लिफर्ड आयर्विंग, आणि या दोघांची हकीकत सांगणारा, झगा पांघरलेला जादूगार वेल्स! पुढील तासभर मी खरेच सांगेन, असा करार तो आरंभी करतो. तास सरल्यावर पिकासोची एक मोहक कथा रंगवितो, आणि ती सर्वस्वी कपोलकल्पित होती हे शेवटी स्वमुखाने कबूल करतो. या कबुलीने प्रेक्षकाचा आनंद दुणावतो, यातच त्या कृतीचे थोरपण मला दिसते.

परंतु असा कबुलीजबाब फाळक्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ आधी दिला होता. १९१७च्या 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटात ते स्वतः नटांना शिकविताना, फीत न्याहाळताना व कापताना दिसतात. ज्या मायेवर आपला चरितार्थ अवलंबून, तिचा कारखानाच त्यांनी लोकांसमोर उघडा केला. दोन वर्षांनी 'कालियामर्दना'त त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली, तेव्हा कथेच्या प्रारंभीच त्यांनी त्या चिमुरडीला मुलगी म्हणूनच पडद्यावर आणले, तिच्या मुद्रेवरील नाना भाव एकामागून एक दाखविले आणि मगच तिला मोरमुकुट चढविला. हा कृष्ण म्हणजे फाळक्यांची पोर आहे, हे पक्के ठाऊक असूनही प्रेक्षक त्या बालकृष्णामागून थेट यमुनेच्या डोहात उतरतो.