परवाना दुकानाचा, नाव गुमास्त्याचे

मुंबईत नवे दुकान थाटणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, ‘गुमास्ता काढलात का?’ दुकान मालकाचे, भांडवलही त्याचेच. परवान्याला नाव मात्र गुमास्त्याचे, म्हणजे पेढीवरच्या कारकुनाचे. असे का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर सरकारच व्यापाऱ्याला बोलावी. वाणी, सराफ, बागवान यांना कौल मिळे: येऊन वसा, ठरावीक वर्षे कर माफ. पेठेचा कारभार शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असे. दुकानाची जागा नेमून देणे आणि कर उगवणे ही शेट्याची कामे. त्याबद्दल तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पाने असा त्याचा हक्क दुकानोदुकानी चाले. माफीची मुदत सरली की मोहतर्फा, म्हणजे दुकानदार व कारागिरांवरील कर, लागू होई. कौलाची भाषा अगत्याची असली तरी नजर वसुलीवरच होती.

इंग्रजी अमलातही मोहतर्फा चालू राहिला. १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील मोहतर्फा, बलुत्यांवरील कर आणि शहरांतील जकाती रद्द झाल्या. याला औदार्य समजू नये. त्याच वर्षी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आला.

पुढे १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाचा निधी उभा करण्यासाठी लॉर्ड लिटनच्या सरकारने व्यापारउदिमावर लायसन्स-कर बसवला. वर्षाकाठी शंभर रुपये मिळवणारा किरकोळ दुकानदारही मुंबई इलाख्यात त्यात सापडला. पगारदार सरकारी अधिकारी मात्र सुटले. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेच्या बाजाराने दुकाने बंद ठेवली आणि प्रकरण दंग्यापर्यंत गेले. १८८६ च्या प्राप्तिकर कायद्यानंतर हा कर मागे पडला.

या साऱ्या कागदांत दुकानात राबणारा माणूस कोठेच नव्हता. सकाळी फळ्या काढायच्या, शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत उभे राहायचे, आणि सुटी शेठजींच्या मर्जीवर. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापनांचा कायदा केला. त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली. दुकानातील नोकराला दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि एक दिवस सुटी. दुकानाची नोंदच नसेल तर आत कोण किती तास राबतो हे निरीक्षकाला कळणार कसे? म्हणून नोंदणी सक्तीची झाली. लोकांनी कायद्याचे लांबलचक नाव बाजूला सारले आणि नोंदणीच्या कागदालाच ‘गुमास्ता’ म्हणू लागले.

१९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात नवा कायदा लागू झाला. तास आणि सुटीची कलमे त्याने तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच ठेवली होती. त्याहून लहान दुकानाने व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना दिली की पुरे. दोन पोरे कामाला ठेवणारे कोपऱ्यावरचे दुकान अशा रीतीने या कलमांबाहेर गेले. त्या सूचनेच्या पावतीलाही दुकानदार गुमास्ताच म्हणतो, आणि चालू खाते उघडायला तीच घेऊन बँकेत जातो.