वर काय कळवले जाते? कम्युनिटी कॉलेजचा इतिहास आणि आपला धडा

व्यवसाय शिक्षणाची चर्चा निघाली की आपण अभ्यासक्रम, यंत्रे आणि नोकऱ्या यांवर बोलतो. विभागप्रमुख आपल्या वरिष्ठांना काय कळवतो, हे कोणी विचारत नाही. विद्यार्थ्याचे भवितव्य मात्र पुष्कळदा तिथेच ठरते.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. पुढे अशीच कॉलेजे कम्युनिटी कॉलेज म्हणून ओळखली गेली. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळाला. अट अशी की राज्याने मंडळ नेमायचे, केंद्रीय मंडळाकडून योजना मंजूर करून घ्यायची आणि दरवर्षी अहवाल द्यायचा. शिवाय हा पैसा कॉलेजपेक्षा खालच्या दर्जाच्या शिक्षणासाठीच होता. हातांनी काम करणाऱ्याचे शिक्षण खालचे, ही उतरंड कायद्यातच लिहिली गेली! १९६३ च्या कायद्याने किमान पाच व्यवसायक्षेत्रे शिकवणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विभागांनाही दार उघडले.

इथे विभागप्रमुखाला दोन वरिष्ठ मिळाले. पदासाठी तो प्राचार्याला बांधलेला, अनुदानासाठी राज्याच्या मंडळाला. दोघांनाही आकडे हवेत : प्रवेश किती, खर्च किती, नोकरीला लागले किती. विद्यार्थ्याला मुळात कुठे जायचे होते, हा रकाना अहवालात कुठे आहे?

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला. विद्यापीठाचे स्वप्न घेऊन आलेल्या मुलांना चाचण्या, समुपदेशन आणि गुणांच्या नोंदी यांच्या आधारे हळूहळू दोन वर्षांच्या व्यवसाय अभ्यासक्रमाकडे वळवले जाते, असे त्यांना दिसले. ही प्रक्रिया झाकलेली राहिली तरच चालते, हेही त्यांनी नोंदवले. मुलगा समजतो, आपणच कमी पडलो. वरच्यांना दिसते, जागा भरल्या. दोघांच्या मध्ये सत्य गडप होते.

आता बाबासाहेबांकडे पाहा. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, म्हणजे व्हाइसरॉय त्यांचे वरिष्ठच. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मागितली. पण ते तिथेच थांबले नाहीत. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्याही मागितल्या. कारखाना आणि विद्यापीठ, दोन्ही दारे एकाच कागदावर! त्यांनी वरिष्ठाला खूश करणारा अहवाल दिला नाही, समाजाची मागणी लेखी मांडली.

आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. कौशल्य शिक्षणाला आपला विरोध नाही. विरोध आहे तो आपल्या मुलांना फक्त तेवढ्यावरच थोपवण्याला.

म्हणून मित्रांनो, आपल्या तालुक्यातील कॉलेजात जा. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा : अनुसूचित जातींच्या किती विद्यार्थ्यांनी कौशल्य अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला? त्यांतले किती पुढे पदवीला गेले? आणि त्यांच्या अडचणींबद्दल विभागाने वर किती पत्रे लिहिली? तिसऱ्याचे उत्तर शून्य आले, तर ते पत्र आपण लिहायचे.

जय भीम!